डोंगरउतारावर पोटापुरती वाडी
(नभोवाणीवरील शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी अलिबाग तालुक्यातल्या किहीमचा शेतकरी. किहीम म्हटलं की माणसांना समुद्र आठवतो, नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात. पण पूर्वेला पाहिलं तर कनकेश्वराचा डोंगर उभा आहे, आणि त्या डोंगराच्या अंगाला वरकसाचे तुकडे आहेत. आमच्या तीन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खाचर थोरल्याकडे गेलं, विहिरीची वाडी धाकट्याला मिळाली आणि माझ्या वाट्याला डोंगराचा तीस गुंठ्यांचा तुकडा आला. आई म्हणाली, "असू दे बाबा. निदान खाडीचं पाणी तरी तुझ्या शेतात शिरणार नाही." हसावं की रडावं, मला कळेना.

ह्या तीस गुंठ्यांवर आमच्या पाच माणसांच्या कुटुंबाचं काय भागतं, काय भागत नाही आणि माझ्या हातून कोणत्या चुका झाल्या, एवढंच आज सांगणार आहे. ज्यांची जमीन सपाट आहे आणि विहिरीला बारमाही पाणी आहे, त्यांना ह्यातलं फारसं उपयोगी पडणार नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर वरकस, माळ, पोटखराबा असे शब्द आहेत, त्यांनी मात्र जरा कान द्यावा.

प्रथम पाण्याचा हिशेब करू. आपल्याकडे वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही. म्हणजे जमीन परातीसारखी असती आणि पाणी कुठेच गेलं नसतं, तर उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं असतं. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यावर वर्षाकाठी दोन लाख लिटर पाणी पडतं. माझ्या तीस गुंठ्यांवर साठ लाख लिटर! आणि तरी एप्रिल उजाडला की आमच्या घरातल्या बायका हंडा घेऊन खाली उतरत होत्या. हे साठ लाख लिटर चार महिन्यांत येतं, धावत येतं, आणि जाताना माती घेऊन जातं. उतारावरच्या शेतीचं सगळं दुखणं एवढंच आहे.

हे दुखणं ओळखलं, पण औषध मात्र मी उलटं दिलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी कुठेतरी ऐकलं की पाणी अडवा, पाणी जिरवा. ऐकलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. मी गडी लावले आणि मधल्या टप्प्यात तीन मजग्या पाडल्या. डोंगर उभा कापला, कापलेली माती पुढे ओढली, कडेला कंबरभर उंचीचा बांध घातला आणि वर फावड्याने थापटून गुळगुळीत केला. पाणी बाहेर जायला कुठेही वाट ठेवली नाही. सगळं जिरवायचंच होतं ना! काम चालू असताना ठाकूरवाडीतले एक म्हातारे बाबा लाकूडफाटा घेऊन वरून उतरत होते. त्यांनी मोळी खाली ठेवली, बांधाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, ह्यो बांध आसाढात ऱ्हायाचा नाय. पान्याला जायाला वाट कुठं ठेवलीस तू?" मी मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय.

आषाढातच, तीन दिवस झड लागली असताना, रात्री मधला बांध सुटला. वरच्या मजगीचं पाणी खालच्या मजगीवर आलं आणि तिन्ही मिळून चिखलाचा लोंढा खाली उतरला. खाली माझ्या शेजाऱ्याचं खाचर आहे. चारच दिवसांपूर्वी त्याची लावणी झाली होती. त्यातली दोन गुंठे लावणी माझ्या मातीखाली गेली. सकाळी तो बांधावर उभा राहून नुसता बघत होता. एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सुगीला मी त्याच्या घरी एक पोतं भात नेऊन ठेवलं, दगडगोटे वेचून दिले. पण माझ्या डोंगरावरची वर्षानुवर्षांची माती एका रात्रीत गेली, ती काही कोणी परत देऊ शकत नव्हतं.

तेव्हा बंधूंनो, कोकणातल्या पावसात उतारावर पाणी नुसतं अडवायचं नसतं. त्याला हळू करायचं, आडवं चालवायचं, आणि जास्त झालेलं पाणी भरवशाच्या वाटेने ओहळाला पोचवायचं. आणि एक इशारा इथेच देऊन ठेवतो, कारण हा जीवाशी खेळ आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. त्या दरडी कोणाच्या बांधामुळे पडल्या असं मी म्हणत नाही. पण अतिपावसात, खोल मातीच्या उभ्या उतारात पाणी मुरलं की डोंगर सुटू शकतो, हे आपण रायगडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून घराच्या, गोठ्याच्या, वस्तीच्या वरच्या अंगाला उभ्या चढावर चर खणू नका, तळं करू नका. शंभर फूट आडवं जाताना तेहतीस फुटांच्या वर चढ असेल, तर तिथे मजगी पाडूच नये, नांगर-कुदळ घालू नये, झाडच ठेवावं. जमिनीला नवी भेग दिसली, उभी झाडं एकाएकी कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर सामानाच्या मागे न लागता माणसं आणि गुरं बाहेर काढावीत आणि तलाठ्याला, तहसील कचेरीला कळवावं.

आता आडवी रेघ कशी काढायची ते सांगतो. डोळ्यांना सपाट दिसतं ते सपाट नसतं. डोंगर डोळ्यांना फसवतो. त्यासाठी इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट बांधावी. सात-सात फुटांच्या दोन बांबूच्या काठ्या घ्या, वरच्या टोकाला एकत्र बांधा, खालचे पाय सहा फूट फाकवा, आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून सुतळीला दगड बांधून तो आडव्या काठीच्या खाली लोंबेल असा सोडा. झाली चौकट. ती खरी करून घ्यायची असते. कुठल्याही जमिनीवर दोन खुंट्या ठोका, दोन पाय त्यांवर ठेवा, सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण. सुतळी त्या तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजावं. एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा वर-खाली करून सुतळी खुणेवर आणायची, तिथे खुंटी मारायची आणि पुढे चालायचं. सगळ्या डोंगराला अशी खुंट्यांची ओळ काढली की आपली जमीन कशी वळली आहे ते पहिल्यांदा कळतं. माझा तर विश्वासच बसेना. जी ओळ मला सरळ वाटत होती, ती चांगली पंधरा फूट खाली जात होती.

आपल्याकडे मात्र रेघ अगदी पातळीत ठेवू नये, ओहळाकडे किंचित उतरती ठेवावी. युक्ती सोपी आहे. चौकटीच्या एका पायाखाली पाऊण इंच जाडीचा लाकडाचा तुकडा बांधा आणि तो पाय नेहमी ओहळाच्या बाजूला ठेवून चाला. सहा फुटाला पाऊण इंच म्हणजे शंभर फुटाला एक फूट उतार आपोआप मिळतो. पाणी चालतं, पण धावत नाही. ह्या रेघांवर दगडाचे गडगे रचावेत. चिखल-सिमेंट नको, कोरडे गडगे. त्यांतून पाणी पाझरतं आणि माती मागे राहते. दगड नसेल तिथे वाळा लावा, गवती चहा लावा, अननस लावा, किंवा गिरिपुष्पाच्या तीन फुटी काठ्या जूनमध्ये फूट-दीड फुटावर खोचा. एका रेघेपासून पाच-सहा फूट उंची उतरलो की दुसरी रेघ. दरवर्षी वरून वाहत आलेली माती गडग्यामागे थांबते आणि चार-पाच वर्षांत मजगी स्वतःच तयार होते, डोंगर कापावा लागत नाही. ओहळात जिथे पाणी सोडायचं त्या तोंडाशी मोठे दगड बसवायला विसरू नका. नाहीतर ओहळच वर खात येतो.

हे सगळं माथ्यापासून सुरू करायचं. खालून सुरू केलं तर वरचं पाणी येऊन खालचं काम मोडतं. पैसे संपले तर कमी रेघा घ्या, पण वरच्या घ्या.

आता कुठे काय असावं ते. आमच्या तुकड्याचा वरचा दहा गुंठे भाग मी तोडायचा बंद केला आहे, एवढंच. तिथे ऐन आहे, किंजळ आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत. पूर्वी आम्ही ह्याच झाडांचा टहाळ तोडून खाचरात राब भाजत होतो. आता थोरला भाऊसुद्धा शेणखत घालून गादी वाफ्यावर रोपं करतो, त्यामुळे कुऱ्हाड थांबली. चार वर्षांत खुरटलेल्या खोडांना फुटवा येऊन डोक्याएवढी झाडं झाली. पालापाचोळा पडतो, तो आम्ही पाटीने खाली आणतो. कर्जत-नेरळकडे 'वनवाडी' नावाने १९९४ पासून काही मंडळींनी साठ-पासष्ट एकरांचं रान असंच राखून वाढवलं आहे. एकरभर सुद्धा नसलेल्या माणसाने एवढं रान राखावं असं मी म्हणणार नाही, पण तिसरा हिस्सा राखावा. खालची दोन हिस्से शेती त्या रानाच्या जिवावर चालते.

मधल्या भागात फळझाडं. फणस, कोकम, आंबा, काजू, शेवगा, आणि ओहळाच्या काठाला बांबू. आडव्या रेघांच्या मध्ये प्रत्येक झाडाला अर्धचंद्राचं आळं करायचं. तोंड वरच्या बाजूला, पोट खालच्या बाजूला. रोप आळ्याच्या तळाशी लावू नये, पावसात मूळ कुजतं. खालच्या कडेच्या उंचवट्याजवळ लावावं. एप्रिलमध्ये तीन फुटी खड्डे खणून ठेवावेत, वरची चांगली माती, पाला आणि कुजलेलं शेणखत भरावं आणि पाऊस नीट लागला की कलम लावावं. कोकमाबाबत एक ध्यानात ठेवा. बियांपासून केलेल्या कोकमात बरीचशी झाडं नर निघतात आणि हे समजतं सात-आठ वर्षांनी! म्हणून मादी झाडाचं कलम घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात आहे. काजूत वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं मिळतात. फणसाच्या आणि नारळाच्या अंगावर मिरीचा वेल चढवावा. त्याला वेगळी जागा लागत नाही.

कलमाला पहिले दोन उन्हाळे पाणी लागतं. डोंगरावर हंड्याने पाणी चढवून झाड जगवता येत नाही, माणूस मरतो. त्यासाठी झाडांच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून दूर, खाली मुरूम कठीण लागला असेल अशा ठिकाणी चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा खड्डा घ्यावा. आतले टोकदार दगड काढून पेंढा पसरावा आणि वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. पावसात तो भरतो. चार हजार लिटर पाणी झालं. दहा कलमांना वाटलं तर प्रत्येकी चारशे लिटर, आणि डिसेंबर ते मे अखेर सव्वीस आठवडे धरले तर आठवड्याला पंधरा लिटर. थोडं उन्हाने उडतं, म्हणून वर झावळ्यांचं छप्पर घालावं आणि भोवती काटेरी कुंपण करावं. लहान मूल किंवा वासरू त्यात पडू नये. पाणी नळीने खाली आपोआप उतरतं. कलमाच्या बुडाशी मडकं पुरून त्यात पाणी ओतलं आणि भोवती गवत अंथरलं, तर पंधराऐवजी दहा लिटरवर भागतं, असा आमचा अनुभव आहे.

सगळ्यांत खाली घर, गोठा, नाचणीच्या मजग्या आणि भाजी. घर आणि परसाची ही जागा ठरवताना ओझ्याचा विचार करावा. उतारावरच्या संसारात बाईची कंबर मोडते ती चढावर वाहण्याने. गवत वर, गोठा त्याच्या खाली, उकिरडा गोठ्याच्या खाली आणि भाजीचे वाफे उकिरड्याच्या खाली, असं केलं की गवत उतरतं, शेण उतरतं, खत उतरतं. पूर्वी आमचा उकिरडा वाफ्यांच्या खाली होता. घरच्या मंडळींनी अठरा वर्षं तेच शेणखत पाटी-पाटीने वर चढवलं आणि मला ते कधी दिसलं नाही. शेवटी एका सुनेने विचारलं, "मामंजी, उकिरडा वर हलवला तर देव कोपेल का?" मग हलवला. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला जातं. शौचालय मात्र विहिरीच्या आणि झऱ्याच्या खालच्या अंगालाच हवं.

आता मुख्य गोष्ट, पोटाची.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते सोसलं आहे. पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट उलटले, आंब्याच्या जुन्या झाडांनी अंगणं भरली. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड आली आणि वरकसावर आंबा-काजू उभे राहिले, ही मोठी गोष्ट झाली. पण ज्यांचं सगळं घर एका पोफळीवर किंवा एका हापूसवर टांगलेलं होतं, त्यांना पुन्हा उभं राहायला वर्षं लागली. पोफळ लावल्यापासून हाती यायला पाच-सात वर्षं जातात.

माझीही अकरा झाडं गेली. दोन मोठे फणस त्यात होते. पण मे महिन्यात आम्ही कंद लावले होते. कोनफळ, कणगर, करांदा आणि सुरण. वादळ आलं तेव्हा ते नुकते मातीतून डोकं काढत होते. वाऱ्याला धरायला तिथे काही नव्हतंच. पडलेल्या झाडांच्या फांद्यांवर वेल चढवले. डिसेंबर-जानेवारीत आम्ही आठवड्यातून चार दिवस कंद खाल्ले, पाहुण्यांना वाटले आणि सुरण बाजारात विकला. त्या वर्षी घर कंदांनी तारलं, असं मी सरळ सांगतो. म्हणून झाड, झुडूप, वेल, कंद असं सगळं मिळून एका जागी असावं. एक पडलं तर दुसरं उभं राहील.

हे कंद लावायला मला शिकवलं ते त्याच ठाकूरवाडीच्या बाबांनी. माझा बांध फुटल्यावर त्यांच्याकडे जायला मला एक वर्ष लागलं, लाज वाटत होती. त्यांनी बांधाचा विषयही काढला नाही. कणगराचं बियाणं हातावर ठेवलं आणि म्हणाले, "पैकं नको. पुढल्या साली बेणं दुसऱ्याला दे." ते मी आजवर देत आलो आहे. सुरणाला मात्र जागा मोकळी, भुसभुशीत हवी. दीड फुटी खड्ड्यात पाला आणि शेणखत घालून मे महिन्यात गड्डा ठेवावा, वर गवताचं जाड आच्छादन द्यावं. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून कोसळली की काढावा. खाजरा असला तर आमसुलं घालून शिजवावा. रानडुक्कर कणगर-करांदे उकरतं, त्याला काटेरी कुंपणाशिवाय उपाय सापडलेला नाही. आमच्याकडे सुरणाला मात्र त्याने अजून तोंड लावलेलं नाही. वानरांपुढे मी हात टेकले आहेत. हळद आणि आलं ती खात नाहीत, म्हणून कडेच्या रेघांवर तेच लावतो.

धान्याचं खरं बोलायचं तर डोंगर भात देत नाही. खालच्या आठ गुंठ्यांच्या मजग्यांवर नाचणी होते, चांगल्या साली ऐंशी-नव्वद किलो. दोन ओळींत तूर आणि कडेला चवळी, पाऊस ओसरला की कुळीथ. पाच माणसांना वर्षाला सहा-सात क्विंटल तांदूळ लागतो, तो मी विकतच घेतो. मीठ, तेल, कपडे, शाळा, दवाखाना हेही विकतच. त्यासाठी आमसुलं, फणस, काजू, बांबू, मिरी आणि सुरण विकतो. खाचर असणाऱ्यांनी भातामागून पांढरा कांदा घ्यावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण तो सपाटीचा माल आहे, आमच्या डोंगराचा नाही. भाजी, फळ, कंद, कडधान्य, दूध, अंडी, जळण, आंबट आणि मसाला ह्यासाठी मात्र आम्ही बाजारात जात नाही. एवढ्याला जर स्वावलंबन म्हणत असाल तर आम्ही स्वावलंबी आहोत.

अशा शेतीला परदेशात एक नाव आहे, पर्माकल्चर, म्हणजे कायम टिकणारी शेती. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन ह्या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९७८ साली त्यावर पुस्तक काढलं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ह्यांनी आपल्या प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा बसवावा हे मराठीतच मांडलं आहे. पान किती ऊन झेलतं ह्याचा हिशेब करायला त्यांनी शेतकऱ्यांना शिकवलं. उंबरगावजवळच्या देहरीला भास्कर सावे ह्यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. ते २०१५ साली वारले. चिकू-नारळाच्या ओळी आणि मध्ये चर, अशी त्यांची रचना. ती जरूर पाहावी, पण ते चर जसेच्या तसे डोंगरावर आणू नयेत, कारण ती जमीन समुद्रकाठची सपाट आहे. जपानचे फुकुओका मात्र आपल्यासारखेच डोंगरवाले. त्यांची संत्र्याची बाग डोंगरउतारावर होती, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की वडिलांची छाटलेली झाडं त्यांनी एकदम निसर्गावर सोडून दिली तेव्हा ती मेली. हे मी मुद्दाम सांगतो. काही न करता पिकतं, असं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. काही न करण्याच्या पायरीवर येण्याआधी खूप काही करावं लागतं, आणि पहिली तीन वर्षं डोंगर फक्त घेतो, देत काही नाही. त्या तीन वर्षांत मजुरीला जावं लागलं तर जावं. मी गेलो होतो.

किहीम म्हटलं की पक्षीवाल्यांना सलीम अलींची आठवण होते. १९३० च्या सुमारास त्यांनी इथेच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. सुगरण माझ्या नाचणीचा वाटा दरवर्षी घेते. घरच्या माणसांना राग येतो, पण मी माडावरची घरटी पाडू देत नाही. पिल्लांना ती किडे भरवते.

वणव्याचं राहिलं. डिसेंबरमध्ये गवत पिवळं पडू लागलं की हद्दीवर दहा फूट रुंद पट्टा साफ करून ठेवावा. शेजारी मिळून केला तर दोन दिवसांचं काम आहे. एका विडीच्या थोटकाने पाच वर्षांची लागवड जाते, आणि सुकलेलं आच्छादन तर फार पटकन पेटतं, म्हणून होळीनंतर खोडापासून हातभर अंतरावर ते ओढून ठेवावं.

मांडव्याला २०२० साली रो-रो बोट सुरू झाल्यापासून आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक रोज येतं. माझ्याकडेही येतात. गाडी खाली उभी करून वर चढतात, समुद्र दिसतो का पाहतात. दिसतो. थोरला मुलगा म्हणतो, बाबा, भाव चांगला आहे. त्याला मी दोष देत नाही, त्याने चढावर पाणी वाहिलं आहे. गेल्या वर्षी त्याने स्वतःहून माथ्याकडची एक नवी रेघ आखली, सुतळी-दगडाने, मला न विचारता. मी नंतर चौकट लावून पाहिली. बरोबर होती. विकायचं की नाही ते अजून त्याने सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

ज्यांना ह्या हंगामात सुरुवात करायची आहे त्यांनी भात झोडून झालं की, गवत कापल्यावर, रेघा आखाव्यात; तेव्हा जमिनीची वळणं दिसतात. कलमांसाठी आणि फळबागेच्या अनुदानासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आधीच चौकशी करावी, जूनमध्ये धावपळ करू नये. चौकट एकट्याने धरता येत नाही. एक पाय तुम्ही धरा, एक शेजाऱ्याला धरायला लावा, आणि त्याच दिवशी त्याच्याही जमिनीची रेघ काढून द्या, कारण त्याचं पाणी तुमच्याकडे येणार आहे किंवा तुमचं त्याच्याकडे जाणार आहे. बांबू सुकलेला घ्या; ओला बांबू वाळताना वाकतो आणि खूण चुकते.